जुने मोठे स्पीकर घेताय? आधी टेप घ्या आणि खोली मोजा

जुने, म्हणजे १९६० ते ८० च्या दशकातले जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर घ्यायचं डोक्यात आलं की माणूस पहिल्यांदा कंपन्यांची नावं शोधायला लागतो, टॅनॉय, जेबीएल, क्लिप्श, केईएफ, एआर, यामाहा, आणि कुठले भारी यावर रात्र रात्र वाचत बसतो. माझं म्हणणं असं की नाव सगळ्यात शेवटी. आधी खोली, मग अॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर), मग समोर आलेल्या त्या जोडीची तब्येत, आणि हे तिन्ही जुळवत गेलात की नावं आपोआप दोन-तीनच उरतात. चांगल्यातले चांगले स्पीकर न मानवणाऱ्या खोलीत घुमतात आणि मग लोक म्हणतात जुन्या मालात काही दम नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सगळं त्याच क्रमाने लिहितोय. डोळ्यापुढे आपल्याकडची घरं आहेत, काँक्रीटचा स्लॅब, टाइल्सची फरशी, १० बाय १२ ची बेडरूम नाहीतर १० बाय १८ चा हॉल.

एक गोष्ट सुरुवातीलाच. आज दुकानात दिसतात तसे उंच, सडपातळ स्पीकर तेव्हा फारसे नव्हते. तेव्हाचा मोठा स्पीकर म्हणजे रुंद, बुटका, लाकडी डबा, आणि त्यातले बरेचसे तेव्हाच्या कॅटलॉगात चक्क बुकशेल्फ म्हणून विकले जायचे, जेबीएलचा एल-१०० आणि एआर-३ए हे दोन्ही त्यातलेच. जमिनीवर ठेवायचे तर खाली ८-१० इंचांचा तिरका स्टँड लागतो, आणि तो धरूनच जागेचा हिशोब करायचा.

पहिली पायरी : खोली

टेप घ्या, लांबी, रुंदी, उंची फुटात लिहून काढा. आता ५६५ ला प्रत्येक आकड्याने भागा. १० फुटाला साधारण ५६ येतात, १२ ला ४७, १५ ला ३७ च्या वर, १८ ला ३१, २० ला २८. हे हर्ट्झ आहेत, म्हणजे त्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये कुठला खालचा सूर अडकून घुमणार तो आकडा (आणि त्याची दुप्पट, तिप्पट पण). हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, त्याची लाट दोन भिंतींमध्ये अर्धी बरोब्बर बसली की तो सूर फुगतो, एवढंच त्यामागचं गणित.

तीन आकडे एकमेकांपासून लांब आले तर बरं. सगळ्यात वाईट चौरस खोली, १० बाय १० आणि वर छतही साडेनऊ-दहा फुटांवर, कारण तिथे तिन्ही बाजूंचा घुमारा ५६-६० हर्ट्झवर एकत्र येतो आणि डग्ग्याचा प्रत्येक ठोका एकाच सुरात "बूम" असा ऐकू येतो. १० बाय २० ऐकायला ऐसपैस वाटतं पण २० फुटाच्या २८ ची दुप्पट ५६, म्हणजे परत १० फुटाच्याच आकड्यावर येऊन आदळली. १२ बाय १७, ११ बाय १५ असल्या विषम मापाच्या खोल्या जास्त सुसह्य. हॉल जर स्वयंपाकघराकडे किंवा पॅसेजकडे उघडा असेल तर खूश व्हा, बास, म्हणजे खालचे सूर, तिकडून निसटतो आणि घुमणं कमी होतं, मात्र मग तेवढ्या सगळ्या हवेला हलवणारा स्पीकर लागतो.

चौरस खोलीवाल्यांनी मोठा वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा गोल भाग) घेऊच नये असं माझं सरळ मत आहे. १५ इंची वूफर तिथे फक्त घुमवणाऱ्या आगीत तेल ओततो, आणि शेजारी बेल वाजवतात ते वेगळंच.

मग खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागून "टर्रर्र" अशी शेपटी आली तर भिंती उघड्या आहेत. आपल्याकडे हे हमखास होतं कारण खाली व्हिट्रिफाइड टाइल, बाजूला गुळगुळीत रंगवलेली भिंत, समोर काच. अशा खोलीत हॉर्नवाला (कर्ण्यातून आवाज काढणारा) किंवा वरच्या पट्टीत चमकणारा स्पीकर आणला की तासाभरात डोकं दुखतं. जाड सतरंजी, भरलेलं पुस्तकांचं कपाट, कापडाचा सोफा, दुपदरी पडदे यातलं काहीतरी आधी येऊ द्या, याला स्पीकरच्या तुलनेत काहीच खर्च नाही. गाद्या-गोधड्यांची चळत असलेली जुनी खोली ऐकायला उगाच बरी वाटत नाही. पण हे सगळं वरच्या आणि मधल्या सुरांसाठी, पडद्याने बास आवरत नाही, तो आवरायचा स्पीकरची आणि आपली बसायची जागा बदलून.

जुन्या वाड्यातली लाकडी पाटणी असलेली माडी असेल तर गोष्ट उलटी, तिथे जमीनच थरथरते, भिंती मात्र बऱ्या. डब्याखाली जड शहाबादी तुकडा आणि त्याखाली रबर, असं करून बघा.

कोपरे मोकळे आहेत का, आणि तुम्ही बसता कुठे

हे दोन प्रश्न कोणी विचारत नाही आणि निम्मी निवड यावरच होते.

स्पीकर भिंतीजवळ नेला की बास वाढतो, कोपऱ्यात नेला की अजून वाढतो. काही जुने स्पीकर हे धरूनच बनवलेत. क्लिप्शहॉर्न हे त्यातलं टोकाचं उदाहरण, पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सॉमधल्या होप गावी हे काढले, त्यात खोलीच्या कोपऱ्याच्या दोन भिंती हा बास हॉर्नचाच शेवटचा भाग असतो. म्हणजे दोन स्वच्छ, मोकळे, खालपर्यंत पक्क्या भिंतीचे कोपरे एकाच बाजूला पाहिजेत. आता तुमच्या हॉलकडे बघा, एका कोपऱ्यात बाल्कनीचं दार, दुसऱ्यात शूरॅक नाहीतर देवघर. मग क्लिप्शहॉर्न कितीही स्वस्तात मिळाला तरी तो तुमच्यासाठी नाही.

उलट बाजूला बोस ९०१, १९६८ चा. यात नऊ छोटे ड्रायव्हर (आवाज काढणारे गोल भाग), एक पुढे आणि आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून, म्हणजे मागची भिंत कडक आणि उघडी लागते. मागे पडदा किंवा पुस्तकं असली तर त्याचा जीवच गेला. शिवाय त्याला स्वतःचा इक्वलायझरचा (वेगवेगळे सूर कमी-जास्त करणारा) डबा लागतोच, तो नसेल तर जोडी घेऊ नका, आणि अमेरिकेतून आलेला असेल तर तो १२० व्होल्टचा असतो, आपल्या प्लगला थेट लावला की जळाला. (बाकीच्या साध्या पॅसिव्ह स्पीकरना व्होल्टेजचा प्रश्नच नसतो, जगात कुठूनही आणा.)

या दोघांच्या मधले सगळे, म्हणजे बहुतेक जुने स्पीकर, भिंतीपासून थोडे पुढे लागतात. इथे अजून एक छोटा हिशोब. २८३ ला वूफरपासून मागच्या भिंतीच्या अंतराने, फुटात, भागा. २ फुटाला १४१ हर्ट्झ, ३ फुटाला ९४, ४ फुटाला ७१. त्या सुराला भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला मारते आणि तिथे खड्डा पडतो. आता काळी एकचा षड्ज घ्या, पुरुष गायकाचा सा साधारण १३९ हर्ट्झ, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. वूफर भिंतीपासून बरोब्बर ४ फुटांवर ठेवलात तर खड्डा नेमका खर्जावर, आणि २ फुटांवर ठेवलात तर गायकाच्या सा वर. तंबोऱ्यात वरचे स्वयंभू सूर इतके भरपूर असतात की कान तरी तो सा शोधून काढतो, पण भरीवपणा जातो, तंबोरा तारेचा वाटतो, भोपळ्याचा वाटत नाही. अडीच-तीन फुटांवर सरकवा, परत ऐका. म्हणून शास्त्रीय ऐकणाऱ्याने स्पीकर घ्यायच्या आधीच ठरवावं की आपण ते भिंतीपासून किती पुढे आणू शकतो, घरात लहान मुलं, व्हॅक्युम, पाहुणे हे सगळं धरून. तो आकडा दीड फूट असेल तर दीड फुटात चांगला वाजणारा स्पीकर शोधायचा.

आणि बसायची उंची. सोफ्यावर बसलं की कान जमिनीपासून ३६ ते ४० इंचांवर, गादी-लोडाला टेकून बसलं की जेमतेम २८-३० वर. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर, साधारण कानाच्या पातळीला लागतो, कारण वरचे सूर सरळ रेषेत जातात, बाजूला झालं की मावळतात. घरी भारतीय बैठक असेल तर जुन्या बुटक्या डब्यांसाठी हे फार सोयीचं आहे, २५-२६ इंची डबा कमी उंचीच्या चौकटीवर ठेवला की ट्वीटर कानासमोर येतो, आणि मला तर वाटतं हे स्पीकर बैठकीच्या खोलीत जितके शोभतात तितके कुठेच नाही. सोफा असेल तर उंच स्टँड किंवा डबा मागे कलता.

दुसरी पायरी : डब्याचा प्रकार

यावर लांबण लावत नाही, तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे.

सीलबंद डबा. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत एआर-१ काढला, त्यात डब्यात कोंडलेली हवाच वूफरची स्प्रिंग म्हणून वापरली. त्यामुळे छोट्या डब्यातून खोल बास निघाला आणि आख्ख्या धंद्याची दिशा बदलली. सीलबंद डब्याचा बास खाली हळूहळू उतरत जातो, आणि लहान खोली खालचे सूर स्वतःच थोडे उचलून देते, म्हणून दोघांचं छान जमतं. १० बाय १२ च्या खोलीसाठी मी डोळे झाकून आधी सीलबंद बघा म्हणेन. एआरचे स्पीकर, यामाहाचा एनएस-१०००एम, क्लिप्शचा हेरेसी, हे सगळे सीलबंद.

पोर्टेड, म्हणजे डब्याला भोक किंवा नळी. याचा बास एका ठराविक सुरापर्यंत भरघोस आणि मग एकदम खाली कोसळतो. नेव्हिल थील यांचं ऑस्ट्रेलियातलं काम १९६१ चं आणि रिचर्ड स्मॉल यांचं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं, त्यानंतर पोर्टचं गणित सगळ्यांना मिळालं, आधीचे पोर्टेड डबे बरेचदा अंदाजपंचे असायचे, त्यामुळे जितका जुना पोर्टेड तितकं ऐकून घेणं जास्त गरजेचं. यांना मागे-बाजूला मोकळी जागा द्या. काहींना भोकाऐवजी एक वायर न जोडलेला कोन (वूफरचा पुढे-मागे हलणारा पडदा) असतो, केईएफच्या १९७३ च्या १०४ मध्ये तो सपाट, लंबगोल बीडी-१३९ आहे, तो फुटलेला वूफर समजून कोणी विकत असेल तर शांतपणे घेऊन टाका.

हॉर्न. थोड्या वॅटात प्रचंड मोकळा, जिवंत आवाज. गाणारा माणूस समोर येऊन बसतो. पण यांना अंतर लागतं, तीन मीटर तरी, नाहीतर ट्वीटर वेगळा, मिडरेंज (मधल्या सुरांचा ड्रायव्हर) वेगळा असं सुटं सुटं ऐकू येतं.

तिसरी पायरी : अॅम्प

स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी असते, १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. हा आकडा १० ने वाढला की तेवढ्याच आवाजाला दहावा हिस्सा वॅट लागतात, ३ ने वाढला तर निम्मे. एआर-३ए पंचाऐंशीच्या आसपास, एनएस-१०००एम ९०, हेरेसी ९६, क्लिप्शहॉर्न १०४. म्हणजे ज्या आवाजाला क्लिप्शहॉर्न एका वॅटमध्ये पोचतो तिथे एआर-३ए ला ऐंशीएक वॅट हवेत! घरी ८-१० वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अॅम्प असेल तर एआरचा विचार सोडा, हेरेसी किंवा १५ इंची टॅनॉयकडे वळा. साठ-सत्तर वॅटचा दणकट ट्रान्झिस्टर अॅम्प असेल तर सगळी दारं उघडी.

दुसरा आकडा ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते. एआर-३ए चार ओहमचा आहे. अॅम्पच्या मागे "८ ओहम" एवढंच लिहिलेलं असेल तर त्याच्यावर चार ओहमचा स्पीकर मोठ्याने वाजवू नका, अॅम्प तापतो आणि जुना असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातात, आणि जाताना कधीकधी वूफरलाही घेऊन जातात.

चौथी पायरी : काय ऐकता

आपल्या संग्रहाचा मोठा भाग जुनं नाट्यसंगीत, भावगीतं, खाँसाहेबांच्या आणि पंडितजींच्या मैफिली, आणि त्यातलं कितीतरी मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं. ७८ च्या तबकडीवरून आलेल्या गाण्यात ना फार खालचा सूर आहे ना फार वरचा, सगळा जीव मधल्या पट्टीत. अशा ऐकणाऱ्याने १५ इंची बाससाठी जीव टाकायची गरज नाही, त्याने मिडरेंज ऐकून निवड करावी. वरच्या पट्टीत चमकणारा स्पीकर तबकडीची खरखर पुढे आणून ठेवतो. सत्तरच्या दशकातले ब्रिटिश स्पीकर, केईएफचे, स्पेंडॉरचे, इथे फार गोड वाजतात, कारण तिकडे बीबीसीच्या प्रभावाखाली माणसाचा आवाज नैसर्गिक येतो की नाही यावर फार काम झालं होतं. रॉक, जॅझ, फिल्मी ऑर्केस्ट्रा यासाठी जेबीएल एल-१००, १९७० सालचा, अजूनही मजा आणतो, पण तो मुळात स्टुडिओ मॉनिटरचा भाऊ, थोडा आक्रमक, उघड्या भिंतींच्या खोलीत त्रास देतो.

माझी ढोबळ यादी विचाराल तर : छोट्या बेडरूमला केईएफ १०४ किंवा एआरचे ८-१० इंची धाकटे मॉडेल. १२ बाय १७ च्या हॉलला हेरेसी (खूप खोल बासची अपेक्षा न धरता) किंवा एनएस-१०००एम किंवा एल-१००. मोठ्या, उंच छताच्या, उघड्या हॉलला टॅनॉय आर्डन, क्लिप्श कॉर्नवॉल. आर्डन जवळजवळ एक मीटर उंच आणि ६६ सेंटिमीटर रुंद आहे, फ्लॅटच्या दारातून आणि लिफ्टमधून जातो का तेही मोजा.

आणि देशी विसरू नका. ऐंशीच्या दशकात बाहेरच्या मालावर ड्युटी जबरदस्त होती, परदेशी स्पीकर यायचे ते गल्फहून परतणाऱ्यांच्या आणि बोटीवर काम करणाऱ्यांच्या सामानातून, बाकी घराघरात सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स. यातले चांगले जतन झालेले डबे आजही स्वस्तात मिळतात, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला खोलीत हलवाहलव करून कान तयार करायला त्यांच्यापेक्षा चांगलं काही नाही. फक्त जपानी रॅक सिस्टिमबरोबर आलेले हलके, चार-चार वूफर दिसणारे प्लायचे डबे टाळा. बोटाने ठोका, पोकळ पत्र्याच्या डब्यासारखं वाजलं तर पुढे चला.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष तपासणी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, चोर बाजार, पुण्यात जुना बाजार, तापकीर गल्ली, किंवा कोणाच्या घरी, कुठेही जा, पण दिवसा जा आणि बरोबर टॉर्च, मल्टीमीटर, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, दोन वायरी आणि रोजची ऐकण्यातली गाणी मोबाइलमध्ये घेऊन जा. जाळी काढायला लावा. काढू देत नसेल तर विषय संपला.

सगळ्यात आधी कोनच्या कडेची गोल वळी, म्हणजे सराउंड. ती कशाची आहे यावर पुढचं सगळं ठरतं. कापडाची असेल, चुण्या चुण्यांची, तर ती पन्नास वर्षांनंतरही बहुतेक ठीक असते. रबराची असेल तर दाबून बघा, कडक झालेली आहे का, भेगा आहेत का. फोमची असेल तर सावध. पॉलियुरेथेन फोम पंधरा-वीस वर्षांत स्वतःहून सडतो, वापरा नाहीतर गुंडाळून ठेवा, आणि आपल्या दमट हवेत अजून लवकर. बोट हलकेच टेकवा. चांगला फोम परत वर येतो. सडलेला फोम बोटाला काळपट, चिकट भुकटी सोडतो आणि जिथे टेकवलं तिथे खड्डा तसाच राहतो, कधी कधी बोट थेट आतच जातं. वरून अख्खा दिसतो, टॉर्च तिरका धरला की वळीच्या आतल्या कडेला केसाएवढी भेग दिसते, ती पूर्ण वाजवल्यावर अर्ध्या तासात फाटणार. टॅनॉयच्या १९७४ नंतरच्या एचपीडी वूफरना फोमची कड आहे, म्हणजे सुरुवातीच्या आर्डनलाही, टॅनॉयच्याच त्याआधीच्या मॉनिटर गोल्ड वूफरना नाही. एआर-३ए च्या नंतरच्या जोड्यांना फोम. एल-१०० च्या वूफरची कड फोमची नाही, त्याची पुढची चौकोनी नक्षीची जाळी फोमची, ती भुकटी झालेली असेल तर फक्त दिसायचा प्रश्न.

फोम गेला म्हणून जोडी सोडायची गरज नाही हे पण सांगतो. नवीन कड चिकटवणारे कारागीर मुंबई-पुण्यात आहेत, किट मिळतात, काम नीट झालं तर आवाज परत येतो. पण कड त्याच मापाची, त्याच मऊपणाची पाहिजे, रबराची कड बसवून "आता आयुष्यभर टिकेल" म्हणणाऱ्याला नको म्हणा, कारण तिचं वजन आणि ताठपणा वेगळा, वूफरचं मूळ गणितच बदलतं. खर्च किमतीतून वजा करून बोला.

मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समान अंतरावर ठेवून हळूच आत ढकला, कान जवळ न्या. खरखर, घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासतेय, म्हणजे रिकोन (कोन-कॉइल नवीन बसवणं) किंवा चुंबक सरकलेलं, मोठा खर्च. सीलबंद डब्यात कोन सोडल्यावर सावकाश, सेकंदभर घेत परत आला पाहिजे, पटकन उसळला तर डब्याला कुठेतरी हवा लागतेय, बहुतेक वूफरच्या गॅस्केटला. ट्वीटर आणि डोमला (घुमटासारख्या ड्रायव्हरला) मात्र बोट लावायचं नाही, कधीच नाही. एनएस-१०००एम चे डोम बेरिलियमचे आहेत, फुटले तर त्याची भुकटी श्वासात जाणं घातक, त्यामुळे फुटका डोम घरी ठोकून सरळ करायला जाऊ नका.

सेलची परीक्षा फक्त वूफरवर. सेलचं प्लस लाल टर्मिनलला, मायनस काळ्याला, क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. जुन्या जेबीएलमध्ये तो आत जातो, ती त्यांची तेव्हाची पद्धत होती, घाबरू नका. महत्त्वाचं हे की दोन्ही स्पीकर सारखेच वागले पाहिजेत, एक आत एक बाहेर असेल तर आतून कोणीतरी वायर उलटी केलीय आणि अजून काय काय केलंय ते शोधा. मल्टीमीटर वूफरच्या स्वतःच्या टर्मिनलवर लावता आला तर आठ ओहमच्या वूफरला साधारण साडेपाच ते सात दाखवेल, चारच्याला तीन-साडेतीन, आणि दोन्ही बाजूंचा आकडा जवळपास एकच हवा.

मागची बटणं फिरवा. एआरच्या जुन्या जोड्यांमध्ये मिडरेंज-ट्वीटरच्या आवाजाची फिरकी हिरवट गंजते, फिरवताना खरखर करत मिडरेंज येतो-जातो. ही साफ होते किंवा बदलता येते, पण विकणाऱ्याला वाटतं ट्वीटर उडालाय आणि किंमत पडते, हे लक्षात असू द्या.

शेवटी कॅबिनेट. तळ बघा. फरशी पुसताना वर्षानुवर्षं पाणी लागून पार्टिकल बोर्डाचा तळ फुगलेला असतो, नखाने खरवडलं की भुसा पडतो. वाळवीच्या मातीच्या रेषा मागच्या फळीवर. कोकणात, गोव्यात राहिलेल्या जोडीत हे आणि गंजलेले स्क्रू जास्त. व्हिनिअर थोडं सुटलं तर चालतं, सांधा सुटला तर नाही. दोन्हींचे सीरियल नंबर जवळजवळचे आहेत का, वूफरवर छापलेला नंबर दोन्हीकडे एकच आहे का, स्क्रूची डोकी घासलेली आहेत का, यावरून आत कोण जाऊन आलंय ते कळतं.

मग वाजवा. आधी एक मोनो गाणं किंवा साधं बोलणं, आकाशवाणीवरचं भाषण असलं तर उत्तम. आवाज बरोबर दोन स्पीकरच्या मधोमध, घट्ट उभा राहिला पाहिजे. पसरट, डोक्याभोवती फिरणारा वाटला तर एक वायर उलटी करून परत ऐका. मग बॅलन्स डावीकडे, उजवीकडे, एकेक स्पीकर तेच वाक्य सारख्याच गळ्याने बोलतो का. एकाचा "स" मंद असेल तर त्या बाजूचा ट्वीटर किंवा कंडेन्सर म्हातारा झालाय. क्रॉसओव्हरमधले (वरचे-खालचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणाऱ्या आतल्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर चाळीस-पन्नास वर्षांत आपली किंमत सोडतात, ते बदलणं स्वस्त काम आहे, फक्त बायपोलर (प्लस-मायनस बाजू नसलेले), त्याच मायक्रोफॅरडचे, आणि दोन्ही डब्यांत एकदमच बदला.

घरी आणताना आणि बसवताना

टेम्पोत उभे, पाठीला पाठ, मध्ये गोधड्या. तोंड खाली करून कधीच नाही, जड चुंबकाला खड्ड्यात दणका बसला की ते सरकतं आणि तुमची सगळी तपासणी वाया.

घरात दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण करून सुरुवात करा, सात-आठ फुटांचा. तुमची पाठ मागच्या भिंतीला चिकटलेली नको, तिथे बास सगळ्यात फुगलेला असतो, आणि खोलीच्या बरोब्बर मध्येही नको, तिथे सगळ्यात मेलेला. मग तंबोऱ्यासकट एखादा विलंबित ख्याल लावा आणि एका वेळी वीतभर सरकवत जा, प्रत्येक जागेला फरशीवर मास्किंग टेपची खूण करा आणि चिठ्ठीवर तारीख आणि काय ऐकलं ते लिहा. घाई नको, एका जागी दोन-तीन दिवस राहू द्या. डग्ग्याचा मींड घसरत जाताना प्रत्येक सूर सारख्याच ताकदीने आला, मध्येच एक सूर अंगावर आला नाही किंवा गायब झाला नाही, की समजा जागा मिळाली. मग तोंड थोडं आत वळवून गायकाला मध्यभागी आणा, बहुतेक जुन्या रुंद डब्यांना हे वळवणं मानवतं, कारण त्यांचा वरचा सूर बाजूला फार पसरत नाही.

पावसाळ्यात डबे फरशीला थेट टेकू देऊ नका, खाली दोन लाकडी पट्ट्या, आणि प्लास्टिकचं आवरण तर अजिबात घालू नका, आत घाम धरतो. आठवड्यातून एकदा तरी वाजवा. आणि दुरुस्तीत निघालेले जुने ड्रायव्हर, कंडेन्सर, स्क्रू, जाळीच्या खुंट्या, काही म्हणजे काही टाकू नका, पिशवीत घालून कुठल्या डब्यातलं, डाव्या की उजव्या, लिहून ठेवा, पुढच्या कारागिराला मूळ आकडे तिथूनच मिळतात.